राखेच्या बुधवारचे भोजन आणि अनंत आकाश



राखेचा बुधवार आला की आपल्या कपाळावर राखेचा क्रूस रेखिला जातो, आणि आपण माती आहोत व मातीसच मिळणार आहोत ह्याचे स्मरण आपणांस दिले जाते. ह्याच दिवसाच्या नावाने सोळाव्या शतकात एक विलक्षण ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. ‘राखेच्या बुधवारचे भोजन’ हे त्याचे नाव, आणि १५८४ हे त्याचे साल. लंडन शहरात, परंतु इटालियन भाषेत, संवादरूपाने लिहिलेल्या त्या ग्रंथात राखेच्या बुधवारी सायंकाळी जेवावयास जमलेली विद्वान मंडळी पृथ्वी फिरते की स्थिर आहे ह्यावर वाद घालतात. ग्रंथकर्त्याचे नाव जोर्दानो ब्रूनो. पुढे सोळा वर्षांनी, १६०० साली, राखेचा बुधवार १६ फेब्रुवारीस आला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी रोम शहरातील काम्पो दे फिओरी ह्या चौकात ब्रूनोस जिवंत जाळण्यात आले.

ही कथा आपल्या घरांत नवीन नाही. महाविद्यालयात जाणारी आपली मुले ती कोठेतरी वाचतात, आणि घरी येऊन आईबापांस, व कधी आम्हांस, सरळ प्रश्न करतात: आकाशात अनेक जगे आहेत एवढे म्हटल्याबद्दल आपल्या ख्रिस्तसभेने एका माणसास जाळले, हे खरे काय? अशा वेळी दोन सोपी उत्तरे तोंडावर येतात. एक असे की, होय, तो विज्ञानाचा हुतात्मा होता आणि धर्म हा ज्ञानाचा वैरीच आहे. दुसरे असे की, तो पाखंडी होता, तेव्हा त्याचे जे झाले ते झाले. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि दुसरे तर आपल्या प्रभूच्या शिष्यांस मुळीच शोभणारे नाही. म्हणून आज ह्या सदरात ह्या गोष्टीचा थोडा निवांतपणे विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

ब्रूनो नेपल्सजवळील नोला गावी १५४८ साली जन्मला. म्हणजे ख्रिस्तपुराण रचणारे आपले फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्याच पिढीतला तो मनुष्य. सतराव्या वर्षी तो नेपल्सच्या डोमिनिकन मठात दाखल झाला, आणि १५७२ साली त्यास गुरुदीक्षा मिळाली. तो आमच्यासारखाच अभिषिक्त धर्मगुरू होता, ही गोष्ट त्याच्याविषयी लिहिताना आम्हांस विसरता येत नाही. त्याची स्मरणशक्ती अचाट होती, वाचन अफाट होते, आणि जिभेस लगाम नव्हता. १५७६ साली त्याच्या मतांविषयी चौकशी सुरू होताच त्याने मठ सोडला, आणि पुढील पंधरा वर्षे तो युरोपभर फिरत राहिला. १५७९ साली फादर स्टीफन्स गोव्याच्या किनाऱ्यास लागले. त्याच साली ब्रूनो जिनीव्हा नगरात कॅल्विनपंथीयांशी भांडून त्यांच्याकडून बहिष्कृत झाला. नंतर पॅरिस, लंडन, विटेनबर्ग, प्राग अशी शहरे त्याने पालथी घातली. १५८९ साली हेल्मश्टेट येथे लूथरपंथीयांनीही त्यास बहिष्कृत केले. विरोधकांस पढीक गाढवे म्हणण्याची त्यास मोठी हौस होती, आणि त्यामुळे जेथे जाई तेथे त्याचे मित्र थोडे आणि शत्रू पुष्कळ होत.

आता त्याचे आकाशाविषयीचे मत काय होते, ते पाहू. त्या काळच्या विद्यापीठांत ॲरिस्टॉटलची शिकवण प्रमाण मानली जाई. तिच्याप्रमाणे पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी निश्चल आहे. तिच्याभोवती चंद्र, सूर्य व ग्रह ह्यांचे गोल एकात एक बसविलेले आहेत, आणि सर्वांत बाहेर स्थिर ताऱ्यांचा गोल आहे. त्यापलीकडे काहीच नाही. फ्राउएनबुर्ग येथील धर्मपीठाचे कॅनन निकोलस कोपर्निकस ह्यांनी १५४३ साली, पोप तिसरे पॉल ह्यांस अर्पण केलेल्या ग्रंथात, मध्यभागी सूर्यास बसविले व पृथ्वीस फिरविले. परंतु बाहेरचा ताऱ्यांचा गोल त्यांनीही तसाच ठेविला होता. घराचा मालक बदलला, पण भिंती उभ्याच राहिल्या.

ब्रूनोने त्या भिंतीच पाडल्या. तो म्हणाला, ताऱ्यांचा असा गोल कोठेच नाही. आकाशास अंत नाही, म्हणून त्यास मध्यही नाही. प्रत्येक तारा हा एक सूर्य आहे. त्याच्याभोवतीही आपल्यासारख्या पृथ्व्या फिरत असतील, आणि त्या लहान व निस्तेज असल्यामुळे एवढ्या अंतरावरून आपणांस दिसत नाहीत. त्या पृथ्व्यांवर जीव असावयास काय हरकत आहे? पृथ्वी फिरते तर वर फेकलेला दगड मागे का पडत नाही, ह्या आक्षेपास त्याने चालत्या गलबताचा दाखला दिला. गलबताच्या डोलकाठीवरून सोडलेला दगड काठीच्या पायथ्याशीच पडतो, कारण गलबताची गती दगडातही असते. पृथ्वीवरील वस्तूंचेही तसेच आहे, असे तो म्हणे.

हे वाचून कोणीही म्हणेल की हा मनुष्य काळाच्या किती पुढे होता! तथापि त्यास आजच्या अर्थाने वैज्ञानिक म्हणता येणार नाही. त्याने वेध घेतले नाहीत. गणितात त्यास फारशी गती नव्हती. दुर्बीण तर गॅलिलिओने आकाशाकडे लावली ती १६०९ साली, ब्रूनोच्या मृत्यूनंतर. पृथ्वी व ग्रह हे जिवंत प्राणी आहेत, आणि ते आपापल्या आत्म्याच्या बळावर फिरतात, असेही तो मानीत असे. त्याचे अनंत आकाश मोजमापातून आलेले नव्हते. ते त्याच्या देवविषयक कल्पनेतून आले होते, आणि आपणा श्रद्धावंतांचा त्याच्याशी संबंध येतो तो नेमका ह्या ठिकाणी.

येथे आणखी एका पुरुषाची ओळख करून देणे अगत्याचे आहे. ब्रूनोच्या जन्मापूर्वी शंभरांहून अधिक वर्षे, १४४० साली, जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या कूस गावचे निकोलस ह्यांनी ‘ज्ञानी अज्ञान’ अशा अर्थाच्या नावाचा लॅटिन ग्रंथ लिहिला. विश्वास मध्यबिंदू नाही व परीघही नाही, पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही व ती गतिहीनही नाही, तीही एक ताराच आहे, आणि इतर ताऱ्यांवर रहिवासी असू शकतील, असे त्यांनी त्यात मांडले. खरा मध्य आणि खरा परीघ एकटा परमेश्वरच, असा त्यांचा सिद्धांत होता. ह्या लिखाणाबद्दल त्यांस कोणी तुरुंगात टाकले काय? मुळीच नाही. १४४८ साली ते कार्डिनल झाले आणि १४५० साली ब्रिक्सेनचे बिशप. कूस गावी त्यांनी वृद्धांसाठी एक आश्रम स्थापिला, तो आजही चालू आहे, आणि त्याच्या प्रार्थनामंदिरात त्यांचे हृदय पुरले आहे. ब्रूनो आपल्या ग्रंथांत त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतो.

ह्याहून मागे गेले तर असे दिसते की १२७७ साली पॅरिसचे बिशप एत्येन तांपिये ह्यांनी काही तत्त्वज्ञानी मतांचा निषेध केला. त्या निषिद्ध मतांत, देव एकाहून अधिक जगे निर्माण करू शकत नाही, हेही एक मत होते. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या अधिकाराने देवाच्या सामर्थ्यास कुंपण घालू पाहणाऱ्यांस ख्रिस्तसभेच्या एका बिशपांनीच अडविले होते. तेव्हा अनेक जगांची कल्पना आपल्या धर्मास अपरिचित होती, किंवा ऐकताच कानांवर हात ठेवावेत अशी होती, असे समजणे बरोबर नाही.

मग ब्रूनोच्या विचारांत वावगे ते काय होते? बिशप तांपिये म्हणत होते की देव अनेक जगे करू शकतो. ब्रूनो म्हणे की देवाला ती करावीच लागतात. ज्याचे सामर्थ्य अनंत आहे त्याचे कार्यही अनंतच असले पाहिजे, ते थोडके राहूच शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. ऐकावयास हा देवाचा गौरव वाटतो. परंतु थोडा विचार करा. चुलीतून ऊब येते, कारण विस्तव पेटला की ऊब दिल्यावाचून त्यास राहवत नाही. चुलीपाशी बसलेली आई मुलास भाकरी वाढते ती मात्र प्रेमाने, आपखुशीने. चुलीचे आभार कोणी मानीत नाही, पण आईचे मानतो. विश्व हे देवाने आपखुशीने दिलेले दान आहे, असे आपला धर्म शिकवितो. ते देवातून अपरिहार्यपणे वाहत असेल, तर देव आणि विश्व ह्यांतील अंतर पुसले जाते, आणि उपकारस्मरणास व प्रार्थनेस जागा उरत नाही. ब्रूनोच्या अनंत आकाशात हा धोका होता. पवित्र आत्मा म्हणजे विश्वाचा आत्मा असे आपण समजतो, असे त्याने व्हेनिसच्या न्यायासनापुढे सांगितले. पवित्र त्रैक्य आणि प्रभूचे देहधारण ह्यांविषयी तरुणपणापासूनच आपणांस शंका होत्या, हेही त्याने तेथे कबूल केले.

१५९१ साली व्हेनिसच्या मोचेनीगो नावाच्या एका सरदाराने स्मरणविद्या शिकण्यासाठी ब्रूनोस आपल्या घरी बोलाविले. ती विद्या मनासारखी मिळत नाही असे वाटून त्याच यजमानाने १५९२ च्या मे महिन्यात त्यास धर्मन्यायासनाच्या हवाली केले. व्हेनिस येथे त्याने गुडघे टेकून क्षमा मागितली होती. १५९३ च्या फेब्रुवारीत त्यास रोमला नेण्यात आले, आणि तेथे सात वर्षे तो कैदेत राहिला. खटल्याचे बहुतेक मूळ कागद नष्ट झाले आहेत. त्यांचा एक सारांश व्हॅटिकनच्या दफ्तरखान्यात सापडला, आणि तो १९४२ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसते की त्याच्यावरील आरोपांत त्रैक्य, देहधारण, पवित्र मिस्सा, आत्म्याचे देहांतर असे अनेक विषय होते. परंतु अनेक जगे आणि विश्वाचे अनादित्व हे विषयही त्यांत होते, आणि त्याच्या पुस्तकांतील पृथ्वीच्या गतीचाही खल झाला. म्हणून, आकाशाचा ह्या खटल्याशी काहीच संबंध नव्हता, असे आपण मुलांस सांगू नये. ते खरे नाही.

१५९९ साली रॉबर्ट बेलार्मिन ह्यांनी त्याच्या मतांपैकी आठ विधाने निवडून काढली, व ती सोडून देण्यास त्यास सांगण्यात आले. हे बेलार्मिन म्हणजे १९३० साली संतपदास पोहोचलेले तेच थोर येशूसंघीय. त्यांचे नाव गाळून ही कथा सांगणे आमच्या मनास पटत नाही. ब्रूनो कधी नमे, कधी पुन्हा ताठ होई. अखेर डिसेंबरात त्याने सांगितले की मागे घ्यावे असे आपणापाशी काही नाही. १६०० च्या फेब्रुवारीत निकाल वाचण्यात आला. धर्मन्यायासनाने त्यास राज्याधिकाऱ्यांच्या ताब्यात दिले, आणि रिवाजाप्रमाणे अशी विनंतीही लिहिली की शिक्षा सौम्य असावी, जिवास अपाय होऊ नये. तिचा अर्थ काय होतो, हे लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास दोघांसही पक्के ठाऊक होते. निकाल ऐकताना माझ्यापेक्षा तुम्हांलाच अधिक भय वाटत असावे, अशा आशयाचे शब्द त्याने न्यायाधीशांस ऐकविले, असे त्या वेळी रोममध्ये असलेल्या कास्पार शॉपे नावाच्या जर्मन विद्वानाने लिहून ठेविले आहे.

त्याच शॉपेने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, आणि ती आमच्या मनास सर्वांत अधिक लागते. चितेवर बांधलेल्या ब्रूनोसमोर क्रूसावरील प्रभूची मूर्ती धरण्यात आली, तेव्हा त्याने तोंड फिरविले. पुष्कळांनी ह्यात त्याच्या उद्दामपणाचा पुरावा पाहिला. आम्ही जेव्हा जेव्हा हे वाचतो, तेव्हा आम्हांस तो क्रूस धरणारा हात आठवतो. ज्यांनी सरपण रचले, त्यांच्याच बाजूने तो क्रूस पुढे आला होता. ज्या प्रभूने आपणांस खिळणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याची मूर्ती जाळणाऱ्यांच्या हाती पाहून त्या मरणाऱ्या माणसास त्या प्रभूचे मुख कसे ओळखता यावे?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. ब्रूनोची पुष्कळ मते आपल्या धर्माशी जुळत नव्हती, आणि तसे स्पष्ट सांगण्याचा ख्रिस्तसभेस अधिकार होता, नव्हे ते तिचे कर्तव्यच होते. परंतु चुकीच्या मतास उत्तर द्यावयाचे असते ते खऱ्या मताने. माणूस जाळल्याने त्याची चूक सिद्ध होत नाही, आणि आपले सत्य मात्र काळवंडते. कॅल्विनच्या जिनीव्हातही १५५३ साली सेर्व्हेटस ह्यास जाळण्यात आले, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण दुसऱ्याच्या अंगणातील राख दाखविल्याने आपल्या अंगणातील राख झाकली जात नाही. कुसळ आणि मुसळ ह्यांची म्हण आपल्या भाषेत आहे आणि शुभवर्तमानातही तोच बोध आहे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुळे गोव्यात आहेत, त्यांस हा विषय परका वाटणार नाही. गोव्यातील धर्मन्यायासन पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाने १५६० साली स्थापन झाले, आणि १७७४ ते १७७८ एवढा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. ते रोमच्या न्यायासनाहून निराळे होते, परंतु भीतीने श्रद्धा राखता येते हा समज दोन्हीकडे एकच होता. त्या भीतीने गाव सोडून गेलेल्या घराण्यांच्या आठवणी आजही ऐकू येतात. भीतीने माणसे गप्प बसतात, पण त्यामुळे त्यांच्या मनात श्रद्धा उपजत नाही, हे आपल्या लोकांस पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

ख्रिस्तसभेनेही हे मोकळेपणाने मान्य केले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात सांगितले की धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये. ब्रूनोच्या मृत्यूस चारशे वर्षे झाली तेव्हा, २००० च्या फेब्रुवारीत, व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल आंजेलो सोदानो ह्यांनी नेपल्स येथील परिषदेस संदेश धाडिला. ब्रूनोचे विचार ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत होते हे त्यांनी सांगितले, आणि त्याच्या मृत्यूविषयी खोल खेदही व्यक्त केला. त्याच वर्षी १२ मार्च रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या जुलमाबद्दल देवाची क्षमा मागितली. उपवासकाळाच्या पहिल्याच रविवारी हे घडले.

आणि आकाशाचे काय? काम्पो दे फिओरी चौकापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर संत इग्नाती ह्यांचे चर्च आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या छपरावरील वेधशाळेतून फादर आंजेलो सेक्की ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी सुमारे ४,००० ताऱ्यांचा प्रकाश पृथक् करून पाहिला व ताऱ्यांचे वर्ग पाडले. सूर्य हा ताऱ्यांपैकीच एक आहे, हे अशा निरीक्षणांनी पक्के झाले. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ ह्यांस आपल्या सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह प्रथम सापडला. आता असे पाच हजारांहून अधिक ग्रह ठाऊक झाले आहेत. त्यांपैकी कोठे जीव आहे काय, हे अद्याप कोणास सापडलेले नाही. २००८ साली व्हॅटिकन वेधशाळेचे त्या वेळचे संचालक फादर होसे गाब्रिएल फुनेस ह्यांनी सांगितले की अन्यत्र जीवसृष्टी आहे असे मानण्यात श्रद्धेस बाधा येत नाही, कारण देवाच्या निर्मितीस आपण मर्यादा घालू शकत नाही. कार्डिनल निकोलस ह्यांस हे ऐकून आनंद झाला असता. ब्रूनो कदाचित एवढेच म्हणाला असता की हे सांगावयास तुम्ही फार उशीर केला.

आईबापांस आमची एवढीच विनंती आहे. मुलाने हा प्रश्न विचारला तर त्यास गप्प बसवू नका. जे झाले ते झाले असे सांगा, ते चूक होते हेही सांगा, आणि ब्रूनो कोठे चुकला हेही शांतपणे समजावून द्या. उपवासकाळाच्या आरंभी सायंकाळी मृग नक्षत्र डोक्यावर असते व त्याच्याजवळ व्याधाचा तारा लखलखतो. मुलास अंगणात नेऊन तो दाखवा. तोही एक सूर्यच आहे, आणि त्याचा जो प्रकाश आज आपणांस दिसतो, तो आठ वर्षांहून अधिक काळ वाट चालून येथे पोहोचला आहे. एवढे मोठे आकाश पाहून ज्याची श्रद्धा डळमळेल, त्याने देवास फार लहान मानिले असले पाहिजे.

आणि येत्या राखेच्या बुधवारी, कपाळावर राख घेऊन घरी परताल तेव्हा, प्रभूने शिकविलेली प्रार्थना एकदा जोर्दानो ब्रूनोसाठी म्हणा, आणि एकदा त्याच्या न्यायाधीशांसाठी. दोघांसही तिची गरज आहे.